गुरुजींची बदली होते, गावाची होत नाही



पेरणी, पाऊस आणि बाजारभाव या गोष्टी आपण या सदरात नेहमीच बोलतो. आज शाळेबद्दल बोलू. वावर फार दूर राहणार नाही, एवढा शब्द मात्र आधीच देतो.

बहुतेक गावांत एखाद्या गुरुजींचे किंवा बाईंचे नाव अजून आदराने निघते. "ते होते तेव्हा पोरं गणिताला भीत नव्हती," असे लोक सांगतात. त्या गुरुजींनी आवारात परसबाग केलेली असते, भिंतीवर तापमानाचा तक्ता रंगवलेला असतो, स्वतःच्या खिशातून भिंग आणि लोहचुंबक आणलेले असते. मग एके वर्षी बदलीचा कागद येतो. गाव हार घालते, निरोपाला पोरे रडतात. दोन उन्हाळ्यांत बाग वाळते, तक्ता पुसट होतो, भिंग कुठे गेले ते कोणाला ठाऊक नसते. नवे गुरुजी काही वाईट नसतात. आधी इथे काय चालत होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

शाळा कोणाची, असे विचारले की आपण चटकन म्हणतो, "जिल्हा परिषदेची." पाटीवर तसेच लिहिले आहे. पण त्या पाटीखालून आत जातात ती लेकरे आपली. गुरुजी बदलतात, साहेब बदलतात, सरकारी योजनांची नावे बदलतात. बदलत नाही ते गाव. म्हणून मुलांचे विज्ञान आणि गणित टिकवायचे असेल, तर त्याची एक खुंटी गावात रोवली पाहिजे. आजचे सगळे सांगणे एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

दुखणे कुठे आहे?

'प्रथम' ही संस्था खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन 'असर' नावाची पाहणी करते. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ३१ मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे ५७६ रुपये चौघांत सारखे वाटायचे, एवढाच तो हिशेब. बाकीची ६९ मुले अडली.

ही ६९ मुले मंद आहेत का? मुळीच नाही. त्यांच्यातलीच एखादी मुलगी बाजारात आईशेजारी बसून मेथीच्या जुड्यांचे पैसे चोख मोजून घेते. आईने वेचलेल्या कापसाचे वजन आणि किलोचा दर कळला, की तिची मजुरी तोंडी सांगते. तिला हिशेब येतो. तोच हिशेब पाटीवर दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या सोंगात आला, की मात्र ती बिचकते.

हे मी मनाने म्हणत नाही. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात याचा तपास झालेला आहे. मोताळा-मलकापूरकडून निघून मुक्ताईनगर मागे टाकले आणि तापी ओलांडली, की रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला खिरोदा लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. डॉ. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले प्रमुख. या केंद्राने आपल्या सुरुवातीच्या वर्षांतच एक प्रकल्प खिरोद्याला चालवला. खेड्यातल्या मुलांना विज्ञान का जड जाते, हा त्यांचा प्रश्न होता. मुंबईचे अभ्यासक, तिथली शिक्षणसंस्था आणि आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र बसले आणि त्यांनी रोजच्या वर्गातल्या अडचणी तपासल्या.

या केंद्राच्या त्या काळच्या कामातून ठळकपणे पुढे आलेली एक अडचण भाषेची होती. मुलगा विज्ञानाला अडत नाही, तर विज्ञान ज्या भाषेत लिहिले आहे तिला अडतो. पाठ्यपुस्तकातली वाक्ये सोपी, छोटी केली, तेव्हा तोच विषय मुलांना अधिक समजू लागला. विषय तोच, लेकरू तेच. मधली भिंत तेवढी उतरली.

आता आपल्या घरातले पाहा. पुस्तकात 'बाष्पीभवन' असते. पोर रोज पाहते की आईने वाळत घातलेले लुगडे उन्हात दोन घटकांत वाळते आणि ढगाळ दिवशी ओलेच राहते. पुस्तकात 'तरफ' असते. बाप पहारीखाली दगडाची उटी लावून मोठा धोंडा हलवतो, तीच तरफ. पुस्तकात 'परागीभवन' असते. कपाशीच्या सीड प्लॉटवर कामाला जाणाऱ्या बाईला विचारा. आदल्या दिवशी दुपारनंतर मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग तिथे लावायचा, हे ती बोटांनी जाणते. डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेला तयार केलेले कपाशीचे एच-४ हे संकरित वाण १९७० साली आले आणि अशा हातपरागीकरणाचे काम शेतमजूर बायांपर्यंत पोचले. पुस्तकातला धडा ज्या बाईच्या बोटांत आहे, ती शाळेसमोरून रोज जाते आणि तिला आत कोणी बोलावत नाही.

म्हणून गरीब शाळेत प्रयोगशाळा नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. प्रयोगशाळा गावभर पसरलेली आहे. तिला शाळेचा रस्ता दाखवायचा राहिला आहे.

हे काही नवे नाही

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी प्राथमिक शाळेत हिशेब, भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, असे मागितले होते. रयतेचे पोर शाळेत आले, तर रयतेचे काम शाळेत का येऊ नये, असा तो सरळ विचार होता.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. या बायांनी काय करावे? शाळाच कुरणात नेली. तिला नाव पडले 'कुरणशाळा'. मोजायला खडे, बिया, शिंपले आणि पाने. एका पैशाचे साहित्य विकत आणायला नको आणि जे हाताळायचे ते मुलांच्या ओळखीचे.

सातपुड्यापलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, १९७२ साली दोन स्वयंसेवी संस्थांनी १६ शाळांत असाच एक उपक्रम धरला. मुलांनी विज्ञान पाठ करायचे नाही, स्वतः करून पाहायचे. १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या शाळांत गेला. दूरदूरचे प्राध्यापक तिथे येऊन खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसत. तीस वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली सरकारने बंद केला. खिरोद्याचा प्रकल्पही ठरल्या मुदतीचाच होता.

ही दोन्ही कामे मोठ्या मनाच्या आणि मोठ्या बुद्धीच्या माणसांनी केली. त्यांतून पुस्तके झाली, शिक्षक तयार झाले, शहाणपण उरले. पण बाहेरून आलेल्या कामाला कधी तरी परत जावे लागते. आपले काम त्यांच्या तुलनेत अगदी लहान असेल, पण ते कोणाच्या कागदाने सुरू झालेले नसेल. म्हणून कोणाच्या कागदाने थांबणारही नाही. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण देवळाच्या जीर्णोद्धाराला वापरतो. ती शाळेलाही लागू आहे.

रोहिणखेडचे उदाहरण घेऊ

सांगण्याच्या सोयीसाठी मोताळा तालुक्यातले रोहिणखेड डोळ्यांपुढे ठेवू. घाटाच्या पायथ्याचे जुने गाव, इतिहासात लढाईसाठी नाव असलेले. कापूस, सोयाबीन आणि पावसाकडे डोळे. अशा गावाने शाळेशी हातमिळवणी करायची ठरवली, तर काय करता येईल? चार कामे सांगतो. तुमच्या गावाला जे जमेल ते घ्या.

पहिले काम पर्जन्यमापकाचे. थंड पेयाची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा मात्र कितीही धुतला तरी मुलांच्या हाती देऊ नका. बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाचा भाग वेडावाकडा असतो, म्हणून खाली थोडे खडे टाका आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा. ती रेघ म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची पट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी विटांच्या आधाराने ती उभी करा. रोज सकाळी साडेआठला पाणी कुठवर चढले ते वाचायचे, वहीत लिहायचे आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचे. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते.

यात गणित कुठे आले? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एक मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर साधारण १०० लिटर पाणी पडते. एकरात गुंठे ४०, म्हणजे ४,००० लिटर. २५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक इंच पाऊस झाला, तर एका एकरावर एक लाख लिटर! चौथीतल्या पोराने हे आपल्या बापाला सांगितले, की बापही बांधाकडे नव्या नजरेने पाहील. एवढे पाणी आपल्या वावरातून वाहून कुठे गेले, हा प्रश्न त्या घरात निघाला, की विज्ञान शिकवून झाले म्हणायचे.

याचा गावालाही उपयोग आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. पण मंडळाच्या ठिकाणी पडलेला पाऊस आणि आपल्या शिवारात पडलेला पाऊस यांत कधी कधी जमीन-अस्मानाचे अंतर असते. पहिल्या दोन सरींना भुलून पेरले आणि मग पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणी नशिबी येते. बियाणे गेले, खत गेले, उसनवारी वाढली. शाळेच्या फळ्यावर रोज लिहिलेला एक आकडा त्या घाईला लगाम घालू शकतो. नुकसानभरपाईला किंवा विम्याला हा आकडा चालत नाही, तिथे सरकारी केंद्राचीच नोंद लागते, हेही सांगून ठेवतो. पण पेरायचे की थांबायचे, हा निर्णय तर आपलाच असतो.

आता मेख इथे आहे. मृग लागतो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे ज्या पावसाची नोंद सर्वांत मोलाची, त्या पावसाला शाळेला कुलूप! म्हणूनच हे काम एकट्या गुरुजींचे नाही. शाळेशेजारच्या एखाद्या घराने जूनभर ही नोंद ठेवायची आणि शाळा उघडली की वही मुलांच्या हाती द्यायची. भागीदारी म्हणतात ती हीच. ज्या गावात मराठी आणि उर्दू अशा दोन शाळा असतील, तिथे दोन्हीकडे एकेक बाटली ठेवावी आणि महिन्याच्या शेवटी आकडे ताडून पाहावेत. पाऊस काही पाटी वाचून पडत नाही.

आपल्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि तिचे भाकीत साऱ्या वऱ्हाडात ऐकले जाते. कोणाच्या श्रद्धेला हात लावायचे कारण नाही. मुलांनी एवढेच करावे, की भाकीतही वहीत लिहून ठेवावे आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊसही. पाच वर्षांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहावेत. पाहून बोलणे आणि मोजून मानणे ही सवय लागली, की पुढचे मुले स्वतः ठरवतील.

दुसरे काम उगवण पाहण्याचे. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवणारे शेतकरी पुष्कळ आहेत. गुरुजींनी मार्चमध्ये चार-पाच घरांतून मूठ-मूठ बी मागवावे. ते पोत्याच्या वरून, मधून आणि खालून घेतलेले असावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वाळू द्यायची नाही. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. १०० पैकी जितके उगवले तितके टक्के. शेकडेवारी शिकवायला यापेक्षा सोपा धडा कुठून आणणार?

पुढचा हिशेबही मुलांनीच करावा. चार गुंडाळ्यांत ६२, ५८, ६४ आणि ५६ दाणे उगवले, तर बेरीज २४० आणि सरासरी ६०. सोयाबीनला ७० टक्के उगवण धरून एकरी ३० किलो बी लागते. उगवण ६० टक्केच असेल, तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागायचे. उत्तर ३५ किलो. आपल्या लेकीने काढलेला हा आकडा पाहून तिचा बाप जेव्हा एकरी पाच किलो बी जास्त धरील, तेव्हा तिला भागाकार कशासाठी असतो हे जन्मभर विसरणार नाही. मात्र साठवणीत सोयाबीनची उगवण घटत जाते. म्हणून पेरणीच्या तोंडावर घरी पुन्हा एकदा पाहायचेच.

तिसरे काम कारागिराच्या तासाचे. शनिवारी शाळा सकाळची असते. महिन्यातल्या एका शनिवारी गावातला एक जाणकार वर्गात यावा. सुतारदादांनी गुण्या लावून काटकोन कसा पाहतात ते दाखवावे. तिफणीच्या दात्यांत अंतर का ठेवतात आणि ते बदलले तर एकरी किती ओळी बसतात, हे मुलांकडून काढून घ्यावे. पंप दुरुस्त करणाऱ्याने जुनी, वीज न जोडलेली मोटार उघडून आतली तांब्याची गुंडाळी दाखवावी. काट्यावर बसणाऱ्याने भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि वजाबाकी समजवावी. आणि सीड प्लॉटवरच्या त्या ताईंनी कपाशीचे फूल उघडून दाखवावे. या तासाला आधी गावचा शब्द यावा, मग पुस्तकाचा शब्द. पहार, मग तरफ. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहावेत, कारण परीक्षा शेवटी पुस्तकाच्या शब्दांत होते आणि तिथे आपले लेकरू मागे पडता कामा नये.

हे म्हणजे शाळेत घुसखोरी नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच असे म्हटले आहे, की सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली शिकू द्यावे. आपण तेच लहान मुलांसाठी, थोडे-थोडे आणि वर्षभर करायचे.

पथ्य मात्र पाळायचे. तास गुरुजींच्या समोरच व्हावा. चालू वीज, विहिरीचा काठ, फवारणी आणि मळणीयंत्र यांच्याजवळ मुलांना नेऊ नये. जे दाखवायचे ते बंद आणि सुटे करून दाखवावे.

चौथे काम गाव मोजण्याचे. रोहिणखेडला १५८२ च्या सुमारास बांधलेली जुनी मशीद आहे. असे काही ना काही प्रत्येक गावात असते. कुठे बारव असते, कुठे गढी, कुठे चिरेबंदी वेस. तिची उंची शिडी न लावता कशी मोजाल? एक मीटरची काठी उन्हात उभी करा. तिची सावली अर्धा मीटर पडली, तर त्याच वेळी भिंतीच्या सावलीच्या दुप्पट भिंतीची उंची. जुन्या वास्तूला हात न लावता, जमिनीवरची सावली मोजून पाचवीतले पोर तिची उंची सांगते. शिवाय चार शतके न पडलेल्या कमानीतले दगड एकमेकांना कसे धरून आहेत, हा प्रश्न गवंड्याच्या तासाला विचारता येतो.

वर्गणीआधी वेळ द्या

शाळेला मदत म्हटले की आपण वर्गणी काढतो. रंग होतो, कमान होते, कोणी टीव्हीचा मोठा पडदा देतो. देणाऱ्याचे मन मोठेच असते. पण पडदा दिल्यावर तो दर आठवड्याला कोण लावणार, बिघडला तर कोण दुरुस्त करणार आणि विजेचे बिल कोण भरणार, हे आधी ठरले नसेल, तर वर्षभरात त्याच्यावर धूळ बसते. वर सांगितलेल्या चार कामांना मिळून शंभर-दोनशे रुपयेही लागत नाहीत. लागतो तो माणसांचा वेळ. तो आपल्याकडे सुगीत कमी असतो आणि उन्हाळ्यात बराच असतो.

आणि एक देणे वर्गणीपेक्षाही मोठे आहे. ते म्हणजे लेकराला रोज शाळेत पाठवणे. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे होतात, त्यातही मुली जास्त. धाकट्याला सांभाळायला मोठी घरी राहते. हे लिहिताना घरची अडचण दिसत नाही असे समजू नका. मजूर मिळत नाहीत आणि बोंड फुटले की ते थांबत नाही. पण गणिताची वीण विणकामासारखी असते. चार टाके सुटले की पुढचे सारे उसवते. ज्या पंधरवड्यात अपूर्णांक शिकवले त्या पंधरवड्यात जी मुलगी वावरात होती, ती शेकडेवारीला अडते, मग व्याजाला अडते, मग म्हणते, "मले गणित येतच नाही." आपणही म्हणतो, "पोरीचं डोकं नाही." डोके होते, मंडळी. ते पंधरा दिवस नव्हते. वेचणीच्या हंगामात धाकट्या भावंडांना आळीपाळीने सांभाळायची सोय दोन-तीन घरांनी मिळून केली, तर तेवढ्याने किती तरी मुली वर्गात राहतील.

खुंटी कशी रोवायची?

शेवटी पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतो. गुरुजींची बदली झाल्यावर हे सारे टिकावे कसे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. या समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत, असे कायदा म्हणतो. शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कामे आहेत. म्हणजे कायद्याने शाळेची किल्ली आपल्या हाती केव्हाच दिलेली आहे. पण पुष्कळ ठिकाणी समिती रजिस्टरातल्या सह्यांपुरती उरते आणि बायांच्या सह्या तर घरी नेऊन आणल्या जातात. बैठक दुपारी ठेवली, तर वावरात गेलेली बाई येणार कशी? ती संध्याकाळी दिवेलागणीनंतर ठेवा, मग पाहा कोण-कोण बोलते ते.

या समितीने तीन गोष्टी कराव्यात. एक, तीन माणसे नेमावीत. पावसाच्या नोंदीला एक, कारागिराच्या तासाला एक आणि वहीला एक. तिघांत एक तरी बाई असावी. दोन, एक जाड वही घालावी. कोणत्या तारखेला किती पाऊस पडला, कोणाच्या बियाण्याची उगवण किती निघाली, कोण कारागीर आले, त्यांनी काय दाखवले आणि मुलांनी काय विचारले, हे सारे तीत लिहावे. मुलांनीच लिहावे, वेड्यावाकड्या अक्षरात का होईना. वर्षाअखेर तिची एक नक्कल समितीकडे राहावी. तीन, नवे गुरुजी किंवा बाई रुजू झाल्या, की पहिल्याच आठवड्यात समितीने चहाला बोलावून ती वही त्यांच्या हाती द्यावी आणि म्हणावे, "गुरुजी, आमच्या शाळेत असं असं चालतं. तुम्हाला यात काय भर घालता येईल?" या एका वाक्याने नवा माणूस परका राहत नाही आणि जुन्या माणसाचे काम वाया जात नाही.

गुरुजींनाही एक विनंती आहे. तुमच्यावर कागदांचा भार किती आहे ते गावाला दिसते. हे काम त्या भारात भर म्हणून घेऊ नका. गाव हातभार लावायला आले, तर त्याला बाकावर बसवा, दाराबाहेर उभे करू नका. अंगठा उठवणाऱ्या आजीलाही बियाण्याबद्दल बोलता येते, आणि ती बोलली की तिची नात ताठ मानेने ऐकते.

एवढ्याने पोरे शास्त्रज्ञ होतील का, असे कोणी विचारील. एखादे होईलही. बाकीची शेती करतील, दुकान चालवतील, मोटारी दुरुस्त करतील, नर्स होतील, गावच्या समितीत बसतील. पण खताच्या पोत्यावरचे आकडे ती वाचतील, कर्जाचे व्याज स्वतः काढतील, औषधाचे प्रमाण मोजून टाकतील आणि कोणी काही सांगितले तर "कशावरून?" असे विचारतील. शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न विचारणारे एक माणूस असले, तर त्या घराची फसगत निम्म्याने कमी होते.

या आठवड्यात एवढेच करा. तुमच्या गावच्या समितीत कोण-कोण आहे ते विचारून घ्या. त्यात तुमचेच नाव निघाले, तर दचकू नका. येत्या शनिवारी सकाळी शाळेत जा, गुरुजींना रामराम करा आणि एक रिकामी, स्वच्छ बाटली सोबत न्या.